गॅरेजची वही : आधी ब्रेक, रंग सगळ्यात शेवटी

प्रश्न : ताई, आमच्याकडे बाबांची १९८८ ची प्रीमियर पद्मिनी आहे. २०१९ पासून ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे. बाबा गेल्या वर्षी गेले. गाडी अजून त्यांच्याच नावावर आहे आणि नोंदणीची मुदत २०२३ मध्ये संपली. भाऊ म्हणतो, भंगारात दे. मला ती पुन्हा चालती करायची आहे. एका गॅरेजवाल्याने सगळी खोलून पत्रा, रंग, इंजिन करायचे अडीच लाख सांगितले. माझ्याकडे आत्ता ३० हजार आहेत आणि दरमहा ५ हजार बाजूला काढता येतील. शनिवार-रविवार स्वतः काम करायची तयारी आहे, पाने-पक्कड हातात घ्यायची सवय आहे. आधी गाडी पूर्ण मोकळी करून पत्र्यापर्यंत खरवडावी असं मनात आहे. सुरुवात बरोबर आहे का? — एक वाचक, धायरी

उत्तर : दादा, पूर्ण मोकळी करू नका. तुमच्या पत्रातलं हे एकच वाक्य मला धास्ती घालून गेलं, बाकी सगळी तयारी चांगली आहे.

मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. माझ्या दारातही एक पद्मिनी उभी आहे, १९७९ ची. पुण्यात ज्या अर्धवट गाड्या भंगारवाल्याच्या टेम्पोत चढताना मी पाहिल्या, त्यांतल्या बहुतेक कोणीतरी हौसेने खोलून ठेवलेल्या होत्या. खोलायला एक रविवार लागतो आणि पैसा लागत नाही. जोडायला पैसा लागतो, आणि तो दरमहा ५ हजारांनीच येणार असेल तर पहिला दरवाजा परत बसेपर्यंत त्याचे स्क्रू, क्लिपा आणि काचेची रबरं कुठे ठेवली हे आठवत नाही. मग सोसायटी इमारतीला रंग काढते, सेक्रेटरी म्हणतात गाडी हलवा, आणि गाडीला चाकंच नसतात. तिथे गोष्ट संपते.

म्हणून एकच नियम पाळा : एका वेळी एकच भाग उघडायचा आणि तो बंद झाल्याशिवाय दुसऱ्याला पाना लावायचा नाही. गाडी कायम चार चाकांवर ढकलता आली पाहिजे. पैसे थांबले, ऑफिसचं काम वाढलं, घरात लग्न निघालं, तरी ज्या दिवशी तुम्ही थांबाल त्या दिवशी ती गाडीच असली पाहिजे.

पहिलं काम कागदांचं. कंटाळवाणं आहे, पण तुमच्या बजेटमध्ये सगळ्यात मोठं भोक तिथेच पडणार आहे. गाडी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो, नोंदणीच्या नूतनीकरणाला फॉर्म २५. मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५ हजारांवर गेलं आणि २० वर्षांपेक्षा जुन्या मोटारींसाठी २०२५ मध्ये ते १० हजार झालं. मुदत उलटल्यावर महिन्याला ५०० रुपये जादा आकारण्याची तरतूद आहे, म्हणजे वर्षाला ६ हजार, आणि तुमच्या गाडीवर ते २०२३ पासून चढत आहेत. वर राज्याचा पर्यावरण कर, शिवाय नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट. संगम पुलाजवळच्या आरटीओत आधी एकूण आकडा काढून घ्या, भावाची किंवा आईची ना-हरकत लागत असेल तर तीही आत्ताच घ्या. ५० वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण १९८८ ची गाडी त्यात बसत नाही. त्या भरवशावर थांबू नका.

यावरून तुमच्या लक्षात येईल की गाडी लवकरात लवकर चालती आणि थांबती करून तपासणीला नेण्यातच तुमचा फायदा आहे. तपासणीला गाडी चकचकीत लागत नाही. दिवे, हॉर्न, ब्रेक, स्टिअरिंग ठीक हवं आणि चेसिस नंबर वाचता आला पाहिजे. आधी दीड वर्ष रंगात घालवलंत तर ९ हजार रुपये नुसते उशिरापोटी जातील. तेवढ्यात ब्रेकचं पुष्कळसं सामान आलं असतं. तपासणीला मात्र क्रेनवर घालून न्या, चालवत नेऊ नका.

आता गाडीकडे. या पद्मिनीला वेगळी चेसिस नाही. खालचा पत्रा, दोन्ही बाजूंचे दरवाज्याखालचे सिल आणि फरशीच्या मधोमधचा उंचवटा म्हणजे बोगदा, हे मिळून जो सांगाडा होतो, तीच तिची ताकद. त्यामुळे बॉनेटवर गंज दिसला तर झोप उडवून घेऊ नका, पण सिल सडले असतील तर गाडी मधोमध वाकते. एक स्वस्त लोहचुंबक घ्या, फडक्यात गुंडाळा आणि सिलवरून, चाकाच्या कमानीवरून फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. मग गाडीखाली जाऊन स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका : निरोगी पत्रा टणकन बोलतो, सडलेला भद्द आवाज देतो. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे दोन्ही टोकांचे हुक जिथे बसतात ती जागा आणि जॅक लावायची जागा नीट बघा. गाडी सगळा जन्म पुण्यात राहिली असेल तर तुमचं नशीब चांगलं. मुंबईच्या खाऱ्या हवेत वाढलेल्या गाडीचा खालचा पत्रा वेगळंच सांगतो. या जागा सडलेल्या निघाल्या तर सगळं थांबवा आणि पहिला पैसा वेल्डिंगला द्या. शाबूत असतील तर बाकीचा वरवरचा गंज घासून रेड ऑक्साइड मारा आणि पुढे चला.

गाडीखाली जाण्याआधी एक अट. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. दोन चांगले स्टँड घ्या. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक एकाएकी फुटतात, ते वापरायचे नाहीत. या खर्चात काटकसर करू नका.

ब्रेक. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या पहिल्या ३० हजारांतला मोठा वाटा इथे आणि टायरमध्ये जायला हवा. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम आहेत. इतकी वर्षं उभ्या गाडीचा मागचा ड्रम बहुतेक शूला, म्हणजे आतून ड्रमवर दाबणाऱ्या ब्रेकच्या पट्टीला, चिकटलेला असतो. हँडब्रेक सोडा, ॲडजस्टर मागे फिरवा, ड्रमच्या कडेवर लाकडी ठोकळा ठेवून गोल फिरत हातोडीने ठोका, घाई करू नका. ड्रम निघाला की आत काळी-राखाडी धूळ दिसेल. तिला फुंकर मारायची नाही, कॉम्प्रेसरची हवाही नाही. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि ते फुप्फुसात जाऊन बसतं. मास्क लावा, साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसून घ्या आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

आता व्हील सिलिंडरचं रबरी टोपण नखाने हळूच उचला. कोरडं असेल तर छान. आतून काकवीसारखं तपकिरी काही ओघळलं तर तो जुना ब्रेक ऑइलचा गाळ आहे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि ते पाणी वर्षानुवर्षं सिलिंडरच्या तळाशी बसून लोखंड खातं. पिस्टन बाहेर काढा, आतला भाग स्पिरिटने पुसा आणि बोटाचं नख आतून फिरवा. नख कुठे अडकलं नाही तर बारीक पॉलिश पेपरने साफ करून फक्त रबर किट बदललं तरी चालेल. नख खड्ड्यात अडकलं तर सिलिंडर नवाच घ्या. कितीही घासलंत तरी त्या खड्ड्यातून गळती होणार, आणि ती पहिल्यांदा कळेल कात्रजच्या उतारावर. एका चाकाचं पूर्ण करा, झाकून टाका, मग दुसरं. दुसऱ्या बाजूचं चाक तोवर न उघडता ठेवलं की शू आणि स्प्रिंग कशा बसतात ते बघायला नमुना हाताशी राहतो. मास्टर सिलिंडरचं किट आणि सगळे रबरी होज न बघता बदला. होज बाहेरून चांगले दिसले तरी आतून फुगून बंद झालेले असतात. ब्रेक ऑइल नव्या सीलबंद डब्यातलंच घाला, उघडून ठेवलेलं नको. आणि ते रंगावर सांडू देऊ नका, रंग सोलून निघतो.

टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. '२३१६' असेल तर २०१६ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असली तरी इतके जुने टायर गाडी ढकलायपुरते ठेवा, रस्त्यावर नको.

ब्रेक झाले की पेट्रोल. जुनं पेट्रोल टाकीत डिंकासारखं जमतं, म्हणून टाकी उतरवून धुवायलाच हवी. टाकीला भोक असेल तर घरी वेल्डिंगचा विचारही करू नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते. रेडिएटर-टाकीचं काम करणाऱ्याकडेच द्या. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. १९८८ ची रबरं त्यासाठी बनलेली नव्हती. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप इथेनॉल चालणारे घ्या, पेट्रोल पंपाचा डायफ्राम बदला, आणि कार्ब्युरेटरच्या आधी एक पारदर्शक फिल्टर बसवा. इथेनॉल टाकीतला जुना चिकटा सोडवत राहतं, त्यामुळे सुरुवातीला तो फिल्टर पुन्हा पुन्हा तुंबेल. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, बदलत राहा. कार्ब्युरेटरची जेट तारेने टोकरू नका, भोक मोठं होतं. हवेनेच साफ करा.

इंजिन आता. ते उतरवायचं नाही. गॅरेजवाल्याने इंजिन पूर्ण खोलून करायला सांगितलं असलं तरी त्याने कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासला होता का? तुमच्या पत्रात तसा उल्लेख नाही. बॅटरी जोडून लगेच स्टार्टर मारू नका. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात दोन-तीन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि एक-दोन दिवस तसंच राहू द्या. मग क्रँकच्या पुलीच्या नटला गोटी पाना लावून हाताने फिरवून बघा. मोकळं फिरलं तर जुनं ऑइल काढा, नवं घाला, आणि प्लग न लावता स्टार्टरने ऑइलचा दाब येईपर्यंत फिरवा. अडलं तर जोर करू नका. डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरचं पातळ ऑइल मिसळून घाला, आठवडाभर मुरू द्या, रोज थोडं मागेपुढे हलवा. १०८९ सीसीचं हे इंजिन दणकट आहे. पार्किंगमध्ये उभं राहून अडकलेलं असेल तर बहुतेकदा पिस्टनच्या रिंगांवरचा गंजच असतो. चालू झाल्यावर गरम इंजिनाचं कॉम्प्रेशन घ्या. चारही सिलिंडर जवळपास सारखे असतील तर इंजिनावर आणखी एक रुपया आत्ता खर्चू नका. एखादा कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग गेली, वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. हेड उतरवून व्हॉल्व्ह लॅपिंग, म्हणजे व्हॉल्व्ह घासून नीट बसवणं, घरी होतं आणि अडीच लाखांच्या जवळपासही जात नाही.

सामानाचं सांगते. मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी होत्या तोवर या गाडीच्या सामानाची चिंता नव्हती. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची टॅक्सी रस्त्यावरून उतरली, आता दुकानदार नवा माल भरायला कचरतात. त्यामुळे ब्रेकची रबर किट, पाण्याच्या पंपाचं किट, गॅस्केट सेट दिसतील तसे एक-एक जास्तीचे घेऊन ठेवा. नाना पेठेत जाताना जुना भाग पुसून हातात न्या, नुसतं नाव सांगून आणलेलं सामान निम्म्या वेळा बसत नाही. हॅंडल, आरसे, चाकाच्या टोप्या, मीटर यांसाठी बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात चक्कर मारा आणि सकाळी लवकर जा. तिथे ब्रेक आणि स्टिअरिंगचं सामान मात्र कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. पाने, वॉटर पेपर, वायर ब्रश बोहरी आळीत, मल्टिमीटर तपकीर गल्लीत.

वायरिंग जळलेलं नसेल तर पूर्ण बदलू नका. बॅटरीच्या बॉडीला जाणाऱ्या अर्थिंगच्या वायरचा आणि प्रत्येक दिव्याच्या अर्थिंगचा जोड घासून लखलखीत करा, निम्मे दिवे तेवढ्यावर लागतात. सीट, छताचं कापड, कार्पेट धुवा आणि वापरा.

पैशांचं माझं मत असं : पहिल्या ३० हजारांतले २० ब्रेक, टायर आणि स्टँडला, १० आरटीओसाठी बाजूला. पुढच्या चार-पाच महिन्यांचे हप्ते आरटीओचा उरलेला आकडा, पेट्रोलची लाइन आणि बॅटरी यांत जातील. पार्किंगमध्ये पेट्रोल साठवू नका, आग विझवायचा छोटा सिलिंडर जवळ ठेवा, काढलेलं ऑइल गटारात न ओतता गॅरेजमध्ये नेऊन द्या. कमिटीला आधीच लेखी कळवलंत आणि खाली पत्र्याचा ट्रे ठेवलात तर कोणी तक्रार करत नाही.

भावाला एवढंच सांगा की वर्षभर थांब. बाबांच्या हाताने झिजलेलं स्टिअरिंग आणि गिअरची दांडी बदलू नका. क्रोम गेलं असलं तरी राहू द्या. ती झिजलेली जागा मला तुमच्या गाडीतली सगळ्यात मोलाची वाटते, आणि तिला खर्च काहीच नाही.

प्रश्न : माझी १९९६ ची मारुती ८०० आहे. पावसाळ्यात ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट ओलं होतं आणि आता तिथे फरशीला तळहाताएवढं भोक पडलं आहे. फायबरची शीट चिकटवून वरून डांबर मारावं असं एक जण म्हणाले. चालेल का? — एक वाचक, सहकारनगर

उत्तर : नाही चालणार, ताई. शीटखाली गंज तसाच वाढत राहतो आणि दिसेनासा होतो, हे जास्त वाईट.

आधी पाणी कुठून येतं ते शोधा. कार्पेट काढा, कोणाला तरी बाहेरून नळीने काचेवर पाणी सोडायला सांगा आणि आत टॉर्च घेऊन बसा. बहुधा तीनांपैकी एक जागा सापडेल : पुढच्या काचेचं रबर कोपऱ्यात आक्रसलेलं असतं, वायपरखालच्या खळग्यात गुलमोहराची पानं साचून पाणी जायची वाट बंद असते, किंवा दरवाज्याच्या आतल्या पॅडमागचा प्लॅस्टिकचा कागद फाटलेला असतो. दरवाज्याच्या तळाशी पाणी जायची भोकं असतात, तीही टोचून मोकळी करा. हे घरी होतं आणि जवळपास फुकट होतं.

भोकाला पत्राच लागेल. गंजलेला भाग चमकता पत्रा दिसेपर्यंत कापायचा, २० गेजचा तुकडा बसवून वेल्डिंग करायचं. मिग वेल्डिंगवाला शोधा. गॅसने एवढा पातळ पत्रा तापून वेडावाकडा होतो. त्याच्याकडे जाण्याआधी बॅटरी सोडून ठेवा, सीट आणि कार्पेट घरी काढून ठेवा, आणि पेट्रोलचा पाइप फरशीखालून जातो तो त्याला हात लावून दाखवा. नंतर दोन्ही बाजूंनी झिंक प्रायमर, जोडावर सीलंट, आणि डांबर सगळ्यात शेवटी.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आजोबांची फियाट गणपतीच्या आत रंगवून काढायची आहे. आमच्या बंगल्याच्या शेडमध्ये जुलैमध्ये टू-के (हार्डनर मिसळायचा) रंग मारला तर जमेल का? कॉम्प्रेसर मित्राचा आहे. — एक वाचक, वारजे

उत्तर : गणपतीचा नाद सोड बाळा, दिवाळीनंतर कर. पावसाळी दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते आणि खाली ओल अडकली की वर्षभरात फोड येतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पुण्याची हवा कोरडी असते, तेव्हाच रंग छान बसतो.

दुसरं जास्त महत्त्वाचं. टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याच्या फवाऱ्याने दमा जडू शकतो आणि एकदा जडला की पुढे थोडा वासही सहन होत नाही. साधा कापडी मास्क त्याला अडवत नाही, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. शेजारी आजोबा बसत असतील तर घरच्या शेडमध्ये हे अजिबात नको. घासणं, डेंट, पुट्टी, वॉटर पेपर एवढं सगळं तू घरी कर, मजुरीतला मोठा वाटा तोच असतो, आणि फक्त शेवटचे हात मारायला रंगाची बूथ असलेल्या गॅरेजशी बोलून घे. जुना रंग कोरडा घासू नकोस, त्यात शिसं असू शकतं. पाणी घेऊनच घास.

जुलै-ऑगस्ट मोकळे वाटत असतील तर दरवाज्याची रबरं, वायरिंग, ब्रेक हातात घे. पत्रा उघडा करून प्रायमरवर पावसाळा काढायचा नाही. साधा प्रायमर पाणी शोषून घेतो आणि खालचा पत्रा गंजायला लागतो. घासलेल्या जागेला इपॉक्सी प्रायमर मार, आणि रंग ज्या कंपनीचा घेशील त्याच कंपनीचं थिनर आणि हार्डनर घे. मिश्रणाचं प्रमाण डब्यावर छापलेलं असतं, ते डोळ्यांनी न जोखता मापाच्या पेल्याने घे.